माजलगावचा रजेचा अर्ज आणि त्यामागची दोनशे वर्षे

सप्टेंबर २०१७. बीड जिल्ह्यातील माजलगाव शहर पोलीस ठाण्यातील एका शिपायाने जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे अर्ज केला. मागणी एका महिन्याच्या रजेची होती. पोलीस खात्यात रजेचे अर्ज रोज येतात आणि रोज फेटाळले जातात. त्यांचा इतिहास कोणी लिहीत नाही. या अर्जात मात्र रजेचे कारण म्हणून लिंगबदल शस्त्रक्रिया असे लिहिलेले होते. अर्जदाराची सेवापुस्तिकेतील नोंद 'ललिता साळवे, महिला पोलीस शिपाई' अशी होती.

पुढे हे नाव देशभर गाजले. ललित साळवे यांची बातमी झाली, मुलाखती झाल्या, परदेशी वृत्तपत्रांनीही दखल घेतली. पण त्या बातम्यांच्या गर्दीत खरा प्रश्न काहीसा बाजूला पडला. एखाद्या नोकरदाराने देह बदलायचे ठरवले तर त्याची नोकरी टिकते का आणि उपचाराचा खर्च कोण उचलतो, हा तो प्रश्न. गोदावरीच्या खोऱ्यात हा प्रश्न २०१७ मध्ये प्रथमच उद्भवला, असे समजणे चुकीचे ठरेल.

नकाशा समोर घेतला तर माजलगाव तालुक्याच्या उत्तरेला गोदावरी आणि नदीपलीकडे परभणी जिल्ह्यातील पाथरी दिसते. माजलगावला रेल्वे नाही. तेथील माणसाला गाडी पकडायची तर सेलू, मानवत रोड किंवा परभणी गाठावे लागते. आज हे दोन जिल्हे वेगळे असले, तरी १९४८ पर्यंत दोन्ही निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. म्हणूनच या कथेचा पहिला भाग मुंबईच्या सचिवालयात घडत नाही. त्यासाठी आधी पेशवाईच्या दप्तरात आणि मग हैदराबादच्या कायद्यात डोकवावे लागते.

मराठा अमदानीत दख्खनमधील काही हिजड्यांना (हा जुन्या कागदांतील शब्द आहे, आणि इतिहासात तो टाळता येत नाही) गावोगाव भिक्षा मागण्याचा वंशपरंपरागत हक्क असे. प्रत्येक गावाने ठरलेले धान्य किंवा पैसा द्यायचा, असा तो हक्क होता; काहींकडे इनाम जमिनीही होत्या. वारसा रक्ताच्या नात्याने चालत नसे, तो गुरूकडून चेल्याकडे जाई. पाटील-कुलकर्ण्यांच्या वतनाशेजारी हे वतन फारच लहान दिसेल, पण त्याचे स्वरूप नीट पाहिले पाहिजे. म्हातारपणी, आजारपणात, हातपाय थकल्यावरही ज्यावर हक्क सांगता येईल असे ते उत्पन्न होते. आजच्या भाषेत त्याला सामाजिक सुरक्षा म्हणता येईल. अर्थात या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. हक्क होता तो भिक्षेचा होता. शेत नांगरण्याचा किंवा चावडीवर कारकुनी करण्याचा नव्हता.

पेशवाई १८१८ मध्ये संपली. त्यानंतरच्या दशकांत मुंबई इलाख्यातील इंग्रज अधिकाऱ्यांसमोर ही छोटी वतने आली आणि ते गोंधळले. सरकारने मान्य केलेला भिक्षेचा हक्क ही कल्पनाच त्यांच्या पचनी पडेना. त्यातही ती भिक्षा हिजड्यांची होती. सरकारने असे हक्क वसूल करून देण्यातून अंग काढून घेतले. १८५२ च्या इनामविषयक कायद्यात सार्वजनिक सभ्यतेला बाधक ठरणारी उत्पन्ने पुढे चालू ठेवू नयेत, अशा आशयाची तरतूद होती. कोणाला अटक झाली नाही, कोणाला तुरुंगात टाकले नाही. फक्त सनद निरर्थक झाली. इतिहासात असे वारंवार घडते आणि त्याची नोंद मात्र क्वचित होते.

तुरुंगाची पाळी नंतर आली. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा बहुतेकांना भटक्या जमातींच्या संदर्भात ठाऊक असतो. पारधी, कैकाडी, भामटे या समाजांच्या कपाळी त्याने मारलेला शिक्का महाराष्ट्रात अजूनही पुरता पुसलेला नाही. त्या कायद्याचा दुसरा भाग मात्र फारसा वाचला जात नाही. तो हिजड्यांविषयी होता. संशयितांची नोंदवही ठेवायची. नोंद झालेली व्यक्ती स्त्रीवेशात किंवा रस्त्यावर नाचगाणे करताना आढळली तर वॉरंटशिवाय अटक करायची. तिला मृत्युपत्र करता येणार नाही, दत्तक घेता येणार नाही. कायद्याचा हा भाग प्रामुख्याने उत्तर हिंदुस्थानात राबवला गेला.

निजामाच्या राज्यात इंग्रजांचे कायदे आपोआप लागू होत नसत. तेथे स्वतंत्र कायदे होत, आणि त्यांवर सन पडे तो फसली. मराठवाड्यातील जुन्या जमिनीच्या कागदांवर हा सन आजही दिसतो. त्या काळच्या फसली सनात ५९० मिळवले की ढोबळमानाने इसवी सन मिळतो. हैदराबाद संस्थानाने हिजड्यांविषयीचा कायदा केला तो फसली १३२९ मध्ये, म्हणजे १९१९-२० च्या सुमारास. त्याचा साचा १८७१ चाच होता. हैदराबाद शहरात आणि सरकार ठरवील त्या इतर ठिकाणी राहणाऱ्या संशयितांची नोंदवही. स्त्रीवेश, दागिने, रस्त्यावरचे गाणे-नाचणे यांसाठी वॉरंटशिवाय अटक. सोळा वर्षांखालील मुलगा ताब्यात आढळल्यास शिक्षा. शिक्षेची कमाल मर्यादा दोन वर्षे कैद, दंड किंवा दोन्ही. ज्या निजामशाहीच्या महालांत ख्वाजासरांना मान आणि अधिकार मिळत आले होते, तेथेच हा कायदा झाला. महालातील ख्वाजासरा आणि रस्त्यावरील हिजडा यांच्यात राज्यकर्त्यांनी किती अंतर मानले होते, हे यातून कळते.

या कायद्याकडे रोजगाराच्या बाजूने पाहिले की त्याची धार जाणवते. बारशाला, लग्नाला बधाई मागणे, गाणे, नाचणे हीच या समाजाची कमाई होती, आणि नेमकी तीच गुन्हा ठरली. कायद्याने दुसरे कोणतेही काम खुले केले नाही. जे होते तेवढे बंद केले. शिवाय याच कायद्यात कोणाचेही लिंगच्छेदन करणाऱ्यास सात वर्षांपर्यंत शिक्षा होती. मुलांना पळवून नेऊन असे प्रकार होतात, या भीतीतून ते कलम आले. परंतु प्रौढ व्यक्तीची स्वेच्छा त्यात कोठेच मोजलेली नव्हती. परिणाम उघड आहे. ज्यांना हे करायचेच होते त्यांच्यासाठी डॉक्टर नव्हता. रात्रीच्या अंधारात एखादी दाई, एक सुरी, गरम तेल आणि नशीब. समाजात या विधीला 'निर्वाण' म्हणतात. त्यातून जिवंत राहिलेल्याला कोणी आजारी मानले नाही आणि मेलेल्याची चौकशी क्वचितच झाली.

परभणी, बीड आणि बाकीचा मराठवाडा १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर भारतात, १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यात आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात आला. संस्थानाच्या तेलंगण भागात मात्र फसली १३२९ चा तो कायदा पुस्तकात तसाच राहिला. तो रद्द करण्यासाठी २०१८ मध्ये याचिका झाली आणि तेलंगण उच्च न्यायालयाने जुलै २०२३ मध्ये तो घटनाबाह्य ठरवला. चंद्रावर यान पाठवणाऱ्या देशात निजामाचा हा कायदा शंभराहून अधिक वर्षे टिकला.

इंग्रजी मुलखातही डॉक्टरांचे हात मोकळे नव्हते. भारतीय दंड संहितेच्या ३२० व्या कलमात 'जबर दुखापती'च्या प्रकारांची यादी आहे आणि त्यात पहिल्याच क्रमांकावर पुरुषत्व नष्ट करणे येते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ११६ व्या कलमातही तो क्रम कायम आहे. रुग्णाची संमती आणि त्याच्या हिताचा सद्‌हेतू असेल तर शस्त्रक्रिया गुन्हा ठरत नाही, हे कायद्याचे तत्त्वही तितकेच जुने आहे. पण तत्त्व माहीत असणे वेगळे आणि त्याच्या भरवशावर सुरी हातात घेणे वेगळे. २०१२ मध्ये आसामातील एकवीस वर्षांच्या एका व्यक्तीची ठरलेली शस्त्रक्रिया आईवडिलांच्या विरोधामुळे मुंबईत अडली, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयात जावे लागले. प्रौढ व्यक्तीला अशी शस्त्रक्रिया करून घेण्यास मनाई करणारा कोणताही कायदा नाही, अशी भूमिका न्यायालयाने घेतली. ती व्यक्ती म्हणजे स्वाती बिधान बरुआ. पुढे आसामात लोकअदालतीच्या न्यायाधीश म्हणून त्यांनी काम केले.

त्यानंतर १५ एप्रिल २०१४ रोजी 'नालसा' खटल्याचा निकाल लागला. न्यायमूर्ती के. एस. राधाकृष्णन आणि न्यायमूर्ती ए. के. सिक्री यांच्या पीठाने सांगितले की स्वतःचे लिंग ठरवण्याचा अधिकार व्यक्तीचाच आहे आणि त्यासाठी शस्त्रक्रियेची अट घालता येणार नाही. या खटल्यात ठाण्याच्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांनीही आपली बाजू मांडली होती. हा निकाल तीन वर्षांचा जुना झालेला असताना माजलगावचा अर्ज दाखल झाला.

ललित साळवे यांचा जन्म माजलगाव तालुक्यातील राजेगावचा. २०१० मध्ये ते महिला प्रवर्गातून पोलीस दलात भरती झाले. शरीरातील बदल जाणवू लागल्यावर तपासण्या झाल्या, आणि गुणसूत्रांच्या चाचणीत 'वाय' गुणसूत्र आढळले. डॉक्टरांनी शस्त्रक्रियेचा सल्ला दिला. एवढे सगळे हातात असताना अर्ज झाला, अधीक्षकांकडून वर गेला आणि पोलीस महासंचालक कार्यालयातून नकार आला. कारण नियमांचे होते. स्त्री शिपाई आणि पुरुष शिपाई यांच्या भरतीच्या अटी वेगळ्या आहेत. उंची पुरुषाला १६५ सेंटीमीटर लागते, स्त्रीला १५५. मैदानी चाचण्याही वेगळ्या. स्त्री म्हणून भरती झालेल्याने पुरुष म्हणून सेवेत राहावे कसे, याचे उत्तर कोणत्याही नियमपुस्तकात नव्हते.

हा नकार आज वाचताना हास्यास्पद वाटू शकतो. पण कार्यालयाच्या बाजूने पाहिले तर तो दुष्टपणाही नव्हता. नियमात नसलेल्या गोष्टीला होकार देणे कोणत्याच अधिकाऱ्याला परवडत नाही. नकाराची जबाबदारी मात्र कोणालाच घ्यावी लागत नाही. १८५२ च्या इनाम कायद्याखाली बसलेल्या कारकुनाची मनःस्थिती यापेक्षा फार वेगळी नसावी.

त्याच सुमारास देशाच्या पूर्व किनाऱ्यावर दुसरी घटना घडत होती. भारतीय नौदलात २०१० मध्येच दाखल झालेल्या एका खलाशाने रजेत शस्त्रक्रिया करून घेतली आणि साबी हे नाव धारण केले. ऑक्टोबर २०१७ मध्ये नौदलाने त्यांना सेवेतून कमी केले. नौदलाचे म्हणणे थोडक्यात असे, की भरतीच्या वेळची पात्रता आता उरलेली नाही. एकाने आधी परवानगी मागितली, दुसरीने मागितली नाही. दोघांनाही उत्तर एकच मिळाले.

नोव्हेंबर २०१७ मध्ये साळवे मुंबई उच्च न्यायालयात गेले. हा सेवेचा विषय आहे, महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे, म्हणजे 'मॅट'कडे जा, असे न्यायालयाने सांगितले. दरम्यान तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी या प्रकरणी सहानुभूतीने विचार करण्याची सूचना गृह विभागाला केली. अखेर मे २०१८ मध्ये परवानगी मिळाली. २५ मे २०१८ रोजी मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात डॉ. रजत कपूर यांच्या पथकाने पहिली शस्त्रक्रिया केली. जूनमध्ये रुग्णालयातून सुटका झाली आणि शिपाई ललित साळवे माजलगावला पुन्हा कामावर रुजू झाले. पुढचे टप्पे त्यानंतर पार पडले.

येथे एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट आहे. सेंट जॉर्ज हे सरकारी रुग्णालय आहे, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला लागूनच. परभणीहून रात्री देवगिरी एक्स्प्रेसने निघालेला रुग्ण सकाळी जवळपास त्याच्या दारातच उतरतो. हीच शस्त्रक्रिया खासगी रुग्णालयात करायची असती तर शिपायाच्या पगारात ती बसली असती का? आणि विमा काढलेला असता, तरी त्याने पैसे दिले असते का?

या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर २०१९ या एकाच वर्षात दोन परस्परविरोधी कागदांवर लिहिले गेले. सप्टेंबर २०१९ मध्ये विमा नियामक प्राधिकरणाने आरोग्य विम्यातून वगळता येणाऱ्या बाबींची भाषा सर्व कंपन्यांसाठी एकसारखी केली. हेतू चांगला होता. प्रत्येक कंपनी आपापल्या बारीक अक्षरांत काहीही वगळत असे, ते थांबवायचे होते. प्रत्येक वगळणीला सांकेतिक क्रमांक मिळाला. सहावा क्रमांक लठ्ठपणाच्या उपचारांचा, आठवा सौंदर्यशस्त्रक्रियेचा, आणि मधला सातवा लिंगबदल उपचारांचा. शरीराची वैशिष्ट्ये विरुद्धलिंगी करण्यासाठीच्या कोणत्याही उपचाराचा, शस्त्रक्रियेसह, खर्च मिळणार नाही, असे त्याचे सार. आज कोणाच्याही घरातील आरोग्य विम्याची पॉलिसी उघडली तर 'एक्सक्ल ०७' हा संकेत बहुधा सापडेल.

तीन महिने उलटण्याच्या आत, ५ डिसेंबर २०१९ रोजी, राष्ट्रपतींनी तृतीयपंथी व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) अधिनियमावर स्वाक्षरी केली. १० जानेवारी २०२० पासून तो अमलात आला. त्याच्या नवव्या कलमाने नोकरीत भेदभावास मनाई केली. अकराव्या कलमाने प्रत्येक आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमण्यास सांगितले. आणि पंधराव्या कलमाने शासनावर अशी जबाबदारी टाकली, की लिंगबदल शस्त्रक्रिया, हार्मोन उपचार, लेझर उपचार यांचा खर्च भागवणारी सर्वंकष विमा योजना असावी. एका कागदाने दार लावून त्याला क्रमांक दिला, दुसऱ्याने ते उघडण्याची आज्ञा केली.

वगळणीचे कलम केवळ शस्त्रक्रियेपुरते त्रासदायक असते, तरीही समजण्यासारखे होते. अडचण त्याहून खोल आहे. विम्याचा दावा कागदांवर चालतो. पॉलिसीवरील नाव, आधारवरील नाव, रुग्णालयाच्या कागदावरील नाव आणि लिंग हे सर्व जुळावे लागते. नोंदीत पुरुष झालेल्या व्यक्तीच्या गर्भाशयात गाठ झाली तर 'पुरुष' या रकान्याखाली तो आजार बसतच नाही. ती गाठ कोणालाही होऊ शकते, तिचा लिंगबदलाशी संबंध नाही; पण रकाना अडून बसतो. हार्मोनचे उपचार वर्षानुवर्षे चालतात, रुग्णालयात दाखल न होता चालतात, आणि बहुतेक विमे दाखल झाल्यावाचून पैसे देत नाहीत. नोकरी जाण्याची भीती येथे दुप्पट होते, कारण कार्यालयाने काढलेला समूह विमा नोकरीबरोबरच जातो.

दक्षिणेकडील राज्यांनी दुसरी वाट आधीच शोधली होती. तमिळनाडूने २००८ मध्ये तृतीयपंथी कल्याण मंडळ स्थापन केले आणि सरकारी रुग्णालयांत ही शस्त्रक्रिया विनामूल्य उपलब्ध केली. केरळने शस्त्रक्रियेचा खर्च परत देण्याची योजना आणली. त्याच केरळात २०१७ मध्ये कोची मेट्रोने २३ तृतीयपंथी व्यक्तींना नोकरी दिली तेव्हा देशभर कौतुक झाले. पण काही दिवसांतच त्यांतील आठ जणांनी नोकरी सोडली. राहायला कोणी भाड्याने खोली देईना, आणि लॉजचे भाडे पगारात भागेना. नेमणूकपत्र मिळाले की रोजगार मिळाला, हे समीकरण तेथे मोडले.

महाराष्ट्रात आरोग्य विम्याचा सरकारी प्रवास २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी योजनेने सुरू झाला. २०१७ मध्ये तिचे नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाले. शेतकरी आत्महत्याग्रस्त चौदा जिल्ह्यांतील पांढऱ्या शिधापत्रिकाधारक शेतकऱ्यांनाही तिचा लाभ देण्यात आला आणि त्या चौदांत परभणी होता. २०२३ मध्ये योजना राज्यातील सर्वांसाठी खुली करून संरक्षण पाच लाखांपर्यंत वाढवण्याचा निर्णय झाला. परंतु या योजनांचा पाया शिधापत्रिका, आणि शिधापत्रिकेचा पाया कुटुंब. घराने ज्याचे नाव कार्डावरून काढले, किंवा जो घर सोडून गुरूच्या आश्रयाला गेला, त्याने कोणाच्या कार्डावर उपचार घ्यायचे? निकष दारिद्र्याचा असो वा दुष्काळाचा, येथे माणूस कुटुंबाच्या रकान्यातूनच निसटलेला असतो.

ही फट ओळखून २४ ऑगस्ट २०२२ रोजी राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरण आणि सामाजिक न्याय मंत्रालय यांच्यात करार झाला. 'आयुष्मान भारत टीजी प्लस' या नावाने प्रत्येक तृतीयपंथी व्यक्तीला वर्षाला पाच लाख रुपयांचे संरक्षण देण्याचे त्यात ठरले आणि लिंगबदल शस्त्रक्रियाही त्यात धरली गेली. येथे एकक कुटुंब नाही, व्यक्ती आहे. गुरू-चेल्याच्या वतनानंतर दख्खनच्या तृतीयपंथीयाला स्वतःच्या नावाने मिळालेली सुरक्षेची ही कदाचित पहिलीच सनद.

तिची किल्ली आहे ओळखपत्र. २०२० च्या नियमांनुसार राष्ट्रीय पोर्टलवर अर्ज करायचा. जिल्ह्यात सलग बारा महिने वास्तव्य हवे. प्रमाणपत्र जिल्हाधिकाऱ्यांनी तीस दिवसांत द्यायचे. म्हणजे परभणीच्या माणसासाठी हा प्रवास परभणीच्या जिल्हाधिकारी कार्यालयातच सुरू होतो. पहिल्या प्रमाणपत्रावर 'तृतीयपंथी' असे लिंग येते. त्यावर 'पुरुष' किंवा 'स्त्री' असे करून घ्यायचे असेल तर शस्त्रक्रियेनंतर वैद्यकीय अधीक्षकांचा दाखला जोडून दुसरा अर्ज. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ४०,८९१ जणांची नोंद 'इतर' या रकान्यात झाली होती. परंतु त्यात पारलिंगी पुरुष किती आणि घरातच राहून मौन बाळगणारे किती, हे ती संख्या सांगत नाही. शिवाय ज्यांच्या आजी-पणजी गुरूंनी सरकारी नोंदवहीत नाव चढणे म्हणजे अटकेची तयारी असे ऐकले होते, त्यांनी आता आपण होऊन सरकारी नोंदीत नाव घालायचे आहे.

महाराष्ट्राच्या पोलीस दलाचे दारही या काळात दुसऱ्या बाजूने उघडले. शिपाई भरतीच्या अर्जात स्त्री आणि पुरुष यांखेरीज तिसरा पर्याय नाही, ही तक्रार २०२२ मध्ये 'मॅट'समोर आणि मग मुंबई उच्च न्यायालयासमोर गेली. त्या वर्षीच्या डिसेंबरात शासनाने तो पर्याय देण्याचे मान्य केले.

ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जेन कौशिक खटल्याचा निकाल दिला. उत्तर प्रदेश आणि गुजरातमधील दोन खासगी शाळांतून नोकरी गमावलेल्या एका पारलिंगी शिक्षिकेची ती याचिका होती. न्यायमूर्ती पारडीवाला आणि न्यायमूर्ती महादेवन यांच्या पीठाने भरपाई मंजूर केली, न्या. आशा मेनन यांच्या अध्यक्षतेखाली धोरण ठरवण्यासाठी समिती नेमली, आणि माजलगावच्या अर्जाशी थेट नाते सांगणारे एक मतही नोंदवले. कर्मचाऱ्याला लिंगबदल शस्त्रक्रियेसाठी मालकाची परवानगी घेण्याचे बंधन नाही. अपवाद फक्त अशा कामाचा, जे मुळात व्यक्तीच्या लिंगओळखीवरच आधारलेले आहे.

महिला प्रवर्गातून भरती झालेला पोलीस शिपाई या नियमात बसतो की अपवादात, यावर तो निकाल बोलत नाही. ललित साळवे यांनी २०२० मध्ये लग्न केले आणि जानेवारी २०२४ मध्ये ते बाप झाले. शिपायाच्या गणवेशात ते माजलगावला परतले, तेव्हा पुढच्या अर्जदाराला दाखवता येईल असा एकही नियम त्यांच्या प्रकरणातून मागे राहिला नव्हता. राहिली होती ती एक परवानगी, एका नावाची.